सगळ्यांना खुला असलेला आवाज

शनिवारी दुपारी हेमांगीने खरेदी विभागातल्या आपल्या कॉम्प्युटरला विचारलं, "पंपाचं बेअरिंग घरघरतंय, काय करू?"

"आधी ग्रीस बघ, बाळा," बाबा म्हणाले. "घाईने खोलू नकोस."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. चाळीस वर्षं पंप दुरुस्त करणाऱ्या या फोरमनचं ज्ञान कारखान्याने त्यांच्याच आवाजात साठवून ठेवलं होतं. कारखान्यातल्या कोणीही विचारावं, ते उत्तर देत आणि प्रत्येकाला बाळाच म्हणत. पण पंपाखेरीज दुसरं काही विचारलं की आवाज गप्प राही. म्हणून हेमांगी रोज एक खोटाच पंप बिघडवत असे.

"ताई, आज कुठला बिघडला?" कॉम्प्युटर विभागाचा तांबोळी दारातून हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "पाच वाजता सगळ्यांची परवानगी काढून घेतोय. बाहेरची माणसं यंत्रणेत शिरून आपले नुस्खे पळवतायत. यापुढे फक्त दुरुस्तीवाल्यांनाच विचारता येईल."

"आणि मला?"

"खरेदीवाल्यांना नाही देता येत हो. वरून हुकूम आहे."

तो गेला तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. हेमांगीने दार लोटून घेतलं. आज तिने पंपाचं नाव काढलं नाही. उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचा फोन आला, तेव्हा मी फोनसमोरच बसले होते. रागात होते, म्हणून उचलला नाही."