कललेला फोटो

"सर, हाच लावू ना पहिल्या पानावर?" पान लावणारीने तिसऱ्यांदा विचारलं.

फोटो-संपादकांना ऐकूच गेलं नाही. ते फोटोचे कोपरे मोठे करून बघत होते. एरवी कोपरा म्हणजे त्यांच्या लेखी केरकचरा, दिसला की छाटला. आज मात्र एकेक कोपरा डोळ्यांत तेल घालून पाहणं चाललं होतं. एखादी ओढणी, एखादी चप्पल, एखादा ओळखीचा खांदा.

दुपारी नदीवरचा पूल पडला होता. त्यांची मुलगी रोज त्याच सुमारास त्याच पुलावरून कामावर जायची. तिकडचे सगळे फोन बंद. पेपरचे फोटोग्राफर पलीकडच्या काठावर अडकलेले. तेवढ्यात कुणा अँब्युलन्सवाल्याने फाटकावरच्या वॉचमनच्या हातात एक मेमरी कार्ड कोंबलं, "पेपरात द्या" म्हणाला आणि सुसाट निघून गेला. कार्डावर ना नाव, ना गाव.

बायकोचा फोन आला. "दिसली का हो कुठे?"

"बघतोय."

"मघापासून बघतोच आहात!"

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले, पुन्हा उठले. जीव नुसता टांगणीला लागला होता. दोन वर्षं बापलेकीत धड बोलणं नव्हतं. सर कॉलेजात फोटो-पत्रकारिता शिकवायचे आणि ती त्यांच्याच वर्गात होती. एकदा भर वर्गात ते तिला म्हणाले, "तुझ्या फोटोतली माणसं घरंगळून उजव्या कोपऱ्यात पडतात. आधी क्षितिज सरळ धरायला शीक, बाई." वर्ग खो खो हसला. "तुमचं क्षितिज तुम्हालाच लखलाभ," म्हणत ती उठली, ती परत आलीच नाही. एका दुकानात नोकरी धरली. त्यानंतर घरात कुणी तिच्या हातात कॅमेरा पाहिला नव्हता.

सगळे फोटो बघून झाले. ती कशातच नव्हती. पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नाहीच. काय अवदसा आठवली आणि पोरीला चारचौघांत बोललो, असं सरांना झालं.

"सर, पान छपाईला सोडायचंय हो," पान लावणारी काकुळतीला आली. "फोटो एक नंबर आहे. जरासा कललाय, तेवढा सरळ करून घेते."

"कर."

तिने फोटो फिरवायला घेतला. "कमाल आहे! हे सगळेच कललेत. आणि सगळे उजवीकडेच."

"थांब!" सर ओरडले. "हात लावू नकोस. आहे तसाच जाऊ दे."

त्यांनी भराभर सगळे फोटो पुन्हा उघडले. मोडका पूल, दोर धरून ओढणारी माणसं, चिखलातून वर काढलेली म्हातारी. सगळं घरंगळत उजव्या कोपऱ्याकडे निघालेलं.

त्यांनी बायकोला फोन लावला.

"अहो, बोला ना! दिसली का फोटोत?"

"फोटोत कशी दिसेल ती, अगं?" सरांना हसू की रडू कळेना. "फोटो तीच काढतेय!"