ऑपरेशनची यादी

राजीनाम्याचं पाकीट सर्जरीच्या विभागप्रमुखांनी उघडलंसुद्धा नाही. पेपरवेटखाली सरकवलं आणि म्हणाले, "बाळामुळे ना? मला कल्पना होतीच. बायका सर्जरीत टिकतच नाहीत."

समोर उभ्या असलेल्या तरुण सर्जनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाळाचं काहीच अडत नव्हतं. बाळ आजीपाशी मजेत होतं. "तू जा गं, आमचं छान चाललंय," म्हणत सासूबाई रोज सकाळी तिला दारातून पिटाळायच्या. अडलं होतं ते इथे. बाळंतपणाची रजा संपवून ती आली, त्याच दिवशी प्रमुखांनी ऑपरेशनच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. तिला न विचारता, वर उपकार केल्याच्या थाटात. "लेकुरवाळी आहेस. थिएटरमध्ये तासन् तास कशाला उभी राहतेस?"

तेव्हापासून ती ओपीडीत बसून होती. दर सोमवारी नवी यादी लागायची आणि ती वेड्यासारखी वरून खालपर्यंत वाचायची. तिच्याच हाताखाली शिकलेली पोरं अपेंडिक्स काढत होती, हर्निया उरकत होती. आणि दहा वर्षं घासून हात तयार केलेली ही बाई त्यांच्या पेशंटचे टाके काढत होती! तिने तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "तुझ्या भल्यासाठीच आहे हे." असलं भलं काय चुलीत घालायचंय?

"बरं, एक काम होतं," प्रमुखांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "माझ्या मुलीच्या पित्ताशयात खडे झालेत. बाईच सर्जन हवी म्हणून हटून बसलीय. सगळीकडे विचारलं, पण एक बाई मिळेल तर शपथ! जायच्या आधी तेवढं तू करून जा. काय सफाई आहे गं तुझ्या हाताला!"

आणि त्यांनी येत्या सोमवारची यादी पुढे ओढून पहिल्याच ओळीत तिचं नाव लिहिलं.

ती त्या नावाकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. हो म्हणून टाकावं असं क्षणभर फार वाटलं. मग तिने यादी हलकेच त्यांच्याकडे परत सरकवली.

"सर, चौदा महिने मी एकही ऑपरेशन केलेलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या मुलीपासून सुरुवात करू?"