उबदार भिंत

वायरमनने भिंतीला तळहात लावला आणि त्याची बडबड अर्ध्यावरच थांबली. मग हात उलटा करून त्याने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.

"ताई, बाळाला आधी इथून उचला."

सुनेने भिंतीशी झोपलेलं बाळ गादीसकट ओढलं, कडेवर घेतलं आणि मगच विचारलं, "काय झालं?"

"ही भिंत कधीपासून गरम होते?"

"थंडीत होतेच ती," सासरे खुर्चीतूनच म्हणाले. "गीझर लावला की छान ऊब येते. म्हणून तर बाळाची गादी तिथे." घरातलं सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून एका नव्या पॉइंटसाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागला होता, आणि सकाळपासून राग नाकावर होता.

वायरमनने मेन स्विच पाडला. फ्रिजची घरघर थांबली. त्याने फ्यूज ओढून काढला. केसाएवढी तार हवी तिथे तांब्याची जाड तार दुहेरी पिळून घातली होती.

"हे कुणी केलं?"

"मी. सारखा उडायचा मेला. ही तार घातली, त्यानंतर एकदाही उडालेला नाही." सासरे जरा सावरून बसले. "लेकीकडेही मीच घालून दिली आहे. तिचं घर तर याहून जुनं."

"काका, तो उडायलाच हवा. तो उडत नाही, म्हणून आत वायर जळते."

त्याने भिंतीतल्या पेटीचं झाकण उघडलं. जळक्या रबराचा वास खोलीभर झाला. वायरवरचं आवरण बोट लागताच बिस्किटासारखं चुरलं. मागची लाकडी पट्टी कोळसा झाली होती. तिथून वीतभर खाली बाळाची उशी असायची.

सबंध हिवाळा सुनेने बाळाला रोज स्वतःच्या हाताने तिथे निजवलं होतं, आणि स्वतःही निश्चिंत झोपली होती. तिने बाळाचा गाल आपल्या गालाला लावला. तो अजून कोमट होता.

सासऱ्यांना चार शब्द सुनावायचे म्हणून ती वळली. ते मोबाइल हातात धरून बसले होते. लेकीचा नंबर काही केल्या सापडत नव्हता.

तिने मोबाइल घेतला, नणंदेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. तीन. चार. सासऱ्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. सहाव्या रिंगला फोन उचलला गेला.

"बाबा! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!" लेक हसत होती. "आत्ता यांना तेच सांगत होते. गीझर चालू, दोन हीटर चालू, पण बाबांचा फ्यूज? हूं की चूं नाही!"