उंचीचा रकाना

चौदा दिवसांत अकरा ऑर्डरी अडकल्या होत्या, आणि अकराही ठिकाणी रिकामा राहिलेला रकाना एकच होता, उंचीचा. मुलीने लॅपटॉप काउंटरवर पडद्याच्या कापडाच्या ताग्याला टेकवून ठेवला आणि आईकडे पाहिलं.

“आई, वीस वर्षं लोकांच्या खिडक्या मोजतेयस तू. उंचीच कशी काय राहते?”

“राहते खरी,” आई म्हणाली, आणि नीटच लावलेला नमुन्यांचा गठ्ठा पुन्हा नीट लावू लागली.

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत सगळं हातानेच चालायचं. आई घरोघरी जाऊन मापं घ्यायची आणि दुकानात परतली की एकेक ऑर्डर वडिलांना मेसेजवर लिहून कळवायची. पडदे शिवायचा कारखाना दुसऱ्या गावी. वडील तीन वर्षांपासून राहायलाही तिथेच होते. भांडून गेले असते तर निदान समजूत काढता आली असती. ते नुसतेच गेले आणि राहिले. या लिहालिहीत आईचा रोज तासभर जायचा. मुलीला तिची दया आली आणि दोन रविवार मोडून तिने तो तास वाचवला. आता आई फोनवरच्या फॉर्ममध्ये आकडे भरते, ते क्लाउडवरच्या तक्त्यात जातात आणि तक्ता वडिलांना आपोआप मेसेज धाडतो. एखादा आकडा राहिला तर ऑर्डर थांबते आणि दोघांनाही मेसेज जातो, ‘माप अपुरं आहे, एकमेकांना विचारा.’ ही ओळ मुलीनेच लिहिली होती आणि तिला तिचं भारी कौतुक होतं.

“शाळेतल्या बाईंचा सकाळी फोन आला होता,” मुलगी म्हणाली. “पाच दिवस झाले, खिडकीला चादर बांधून झोपतायत बिचाऱ्या. त्यांचीही उंची नाही.”

“देते ना आज.”

मुलीने बाईंची ओळ उघडली. ऑर्डर थांबलेली असताना दोघं एकमेकांना जे लिहीत ते शेवटच्या रकान्यात, ‘शेरा’मध्ये, आपसूक जमा होत असे. रंग, कड्या, अस्तर यांच्यासाठी तिनेच ती सोय केली होती.

‘उंची राहिली.’

‘हो का. बघते.’

‘अस्तर?’

‘लावा. पूर्वेची खिडकी आहे, ऊन येतं.’

‘खोकला?’

‘आहे थोडा. तुमचा गुडघा?’

‘जिना नको म्हणतो. उंची?’

‘सांगते उद्या.’

मुलीने वरची ओळ उघडली, मग तिच्या वरची. कुठे झोपेची चौकशी होती, कुठे दुकानाच्या गळक्या नळाची. एके ठिकाणी वडिलांनी आठ इंची कात्री हरवल्याचं दुःख तीन मेसेजमध्ये सांगितलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी आईने एकदाचा आकडा दिला होता, वडिलांनी ‘बरं’ लिहिलं होतं, आणि पुढे काही नव्हतं. उंची आली की ऑर्डर पुढे जायची आणि बोलणं मिटायचं.

मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली.

“अगं, मग नुसता मेसेज कर ना त्यांना. उंची कशाला अडवायची?”

“काय म्हणून करू?” आई म्हणाली.

“काय म्हणून म्हणजे? आठवण येते म्हणून.”

“आम्ही असं कधी बोललो नाही गं. कामाचं असलं की बोलायचो. त्यातच सगळं यायचं.” तिने गठ्ठा खाली ठेवला. “तू कर तो उंचीचा रकाना सक्तीचा. बाई चादरीत झोपतायत, हे काही बरं नाही. माझ्यापायी गिऱ्हाइकाने का खोळंबायचं?”

मुलीची बोटं चालेनात. मग आईनेच खुणेने ‘कर’ म्हटलं आणि तिने केलं. आता उंची भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नव्हता.

आईने बाईंची उंची भरली, चौऱ्याऐंशी. मग सकाळी मोजून आणलेली दंतवैद्याच्या दवाखान्याची नवी ऑर्डर काढली. फोन लांब धरून, डोळे बारीक करून तिने एकेक आकडा भरला. रुंदी, उंची, चुण्या, कड्या. फॉर्म गेला. तक्त्यात ओळ उमटली, कारखान्याला मेसेज गेला आणि ऑर्डरीपुढे हिरवी खूण आली. सगळं मिळून चार सेकंद लागले.

“बघ, किती सोपं,” मुलगी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

आई हिरव्या खुणेकडे बघत राहिली. तिला या घटकेला तो माणूस हवा होता, दुखऱ्या गुडघ्यासकट, हरवलेल्या कात्रीच्या रडगाण्यासकट. तोंड फिरवून ती उगाच ताग्याची कड सारखी करत बसली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत होता.

लॅपटॉप वाजला. मुलीने वाकून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं.

“‘दवाखान्याची उंची पहिल्या फटक्यात आली. तुला बरं नाही का?’”

आईचा हात कापडावरच थांबला.

“परत वाच.”

मुलीने परत वाचलं. तेवढ्यात खाली लाल अक्षरांत एक ओळ आली. “तक्ता विचारतोय, या मेसेजसाठी थांबलेली ऑर्डर सापडत नाही, कुठे नोंदवू?”

“कुठेच नको म्हणावं,” आई म्हणाली. “आणि माझा चष्मा दे इकडे. मला लिहायचंय.”