मिठाची बरणी

मानोरा गावात घरूनच काम करणाऱ्या वैभवीच्या प्रोग्रॅममध्ये बसची एकच सीट दोघांना विकली जायची. दोन थ्रेड, म्हणजे दोन गिऱ्हाइकांची कामं, एकदम धावत, म्हणून एकाची विक्री होईतो दुसरं थांबावं असं लॉक तिनं विक्रीला लावलं. तरी टेस्ट अधूनमधून फेल. आज सुटलं नाही, तर काम दुसऱ्याला जाणार. दुपारी वरण खारट निघालं. सासूबाई जावेवर कडाडल्या, “म्या टाकलं होतं ना मीठ! तुनं काहून टाकलं?” “मी चाखलं तवा अळणीच होतं, आत्याबाई. बरणी तुमच्या हातात होती, म्हून थांबली, मंग टाकलं.” वैभवीचा घास हातातच राहिला. तिचंही लॉक चाखून, म्हणजे सीट पाहून झाल्यावरच लागत होतं! ताटावरून उठून, सीट रिकामी आहे का हे तपासण्याच्या आधीच लागेल असं आता तिनं ते लावलं. टेस्ट दरवेळी पास. ताटावर परतून तेच वरण भुरकत ती म्हणाली, “आधी बरणी धरा, मग चाखा.” “हेच तं मी कवाची सांगून राह्यली!” सासूबाई म्हणाल्या.