तीनची रेघ

“एकवीस टक्के,” मास्तर म्हणाले. “सकाळी चौऱ्याऐंशी होती हो ही बॅटरी. बघता बघता बसली.”

ताईंनी मान वर केली नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर होती. त्यावर एकच बारीक हिरवी रेघ, एका घराच्या मीटरची.

वीज-नियंत्रण कक्षात दोघंच. बाहेर तीन दिवस आभाळ झाकलेलं. सौर पॅनेलं आंधळी, पवनचक्क्या हाताची घडी घालून उभ्या. सगळं शहर साठवलेल्या विजेवर कसंबसं तग धरून होतं.

“तुमच्या आईंचा चहा व्हायचाय वाटतं अजून?” मास्तरांनी चिडवलं. ते पूर्वी शिकवायचे, म्हणून मास्तर. इथं येऊन सहा महिने झाले होते आणि ताई रोज दुपारी या रेघेपाशी येतात, हे त्यांना पाठ झालं होतं.

“तीनला. एक मिनिट इकडचं तिकडं नाही.”

“आईंवरून घड्याळं लावावीत लोकांनी!”

ताई हसल्या. या खुर्चीत बसून त्यांनी सतरा वर्षं आईचा दिवस रेघेत वाचला होता. पहाटे पाचला दिवा. मग पाणी तापवणं. दुपारी तीनला केटली. कामाच्या गर्दीत फोन कुठला व्हायला? पण रेघ उठली की जीव निवायचा. पूर्वी ती दोनदा उठायची. केटली लावून आई देवाचं गाणं म्हणायला बसे, गाण्यात चहा विसरे, पाणी गार होई, आणि आठ मिनिटांनी केटली पुन्हा. देव आधी, चहा मागून.

“मी मात्र एकदाच उठताना पाहिली बुवा,” मास्तर म्हणाले.

“हो. हल्ली विसरत नाही.”

“कमाल आहे. वय वाढलं की माणसं विसरायला लागतात. तुमच्या आई उलट्या निघाल्या.”

घड्याळात दोन चाळीस झाले होते. बॅटरी अठरावर आली.

मास्तरांनी विजेच्या गिऱ्हाइकांची यादी उघडली आणि तोडता येण्यासारखं काही उरलंय का ते पाहू लागले. उन्हाच्या दिवसांत वीज उतू जायची. बॅटऱ्या भरल्या की ती ठेवायची कुठं? तेव्हा बंद कचेऱ्यांतले, सुट्टीतल्या शाळांतले रिकामे कॉम्प्युटर एकत्र जोडून त्यांना गणितं घातली जायची. वीज खर्ची पडायची, कुणाची तरी कामं व्हायची. आणि टंचाई आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच. तिथं कुणी राहत नाही, कुणी रडत नाही.

“हे काय? या कॉम्प्युटरांचं चौथं दालन चालूच आहे? तीन दिवस?”

“असू द्या. थोडंच खातं ते.”

“थोडंच कसलं? ताई, बॅटरी दहाच्या खाली गेली की यंत्रणा कुणाला विचारत नाही, भाग तोडत सुटते. आज पहिली पाळी बाळंतिणींच्या हॉस्पिटलची. त्यांचा जनरेटर दुरुस्तीला उघडून पडलाय. सकाळी फोन तुम्हीच घेतला होतात ना?”

“तीनपर्यंत थांबा, मास्तर.”

“तीनला काय, सूर्य तुमच्या ओळखीनं उगवणार आहे?”

बॅटरी चौदावर होती.

“त्या दालनात माझं एक काम चालतं,” ताई म्हणाल्या. “आईचं.”

“आईंचं? ते कसलं?”

“दीड वर्ष झालं तिला जाऊन.”

पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

“सतरा वर्षांचे तिचे दिवस मीटरमध्ये होते. ते सगळे त्या कॉम्प्युटरांना दिले. म्हटलं, हिच्यासारखं वागा. घरातली बटणं त्यांच्या हाती सोपवली. पाचला दिवा, तीनला केटली. दर रविवारी केटलीत पाणी भरून येते मी.”

“म्हणजे घरात...”

“कुलूप. किल्ली ही एकच, माझ्या पर्समध्ये.”

काहीतरी बोलायचं म्हणून मास्तरांनी विचारलं, “मग दुसऱ्यांदा केटली का नाही?”

“विसरणं नाही शिकवता आलं त्यांना. गाणं कुठं होतं मीटरमध्ये?”

बॅटरी बारावर.

“ताई,” मास्तर हळूच म्हणाले, “तिकडं तेरा बाया आहेत. तुमच्या आईंनी काय केलं असतं?”

“अगं, आधी त्यांना दे, म्हणाली असती.” ताईंनी पदरानं डोळे टिपले. “सरका. मीच करते.”

त्यांनी बटण दाबलं. चौथं दालन विझलं. बॅटरी अकरावर येऊन थांबली. छोट्या पडद्यावरची हिरवी रेघ शून्यावर आडवी पडली. त्या घराला हुकूम सोडणारं आता कुणीच उरलं नव्हतं. ताईंनी मनातल्या मनात हात जोडले.

दोन एकोणसाठ. ताईंनी तो पडदा बंद करायला हात पुढे केला.

तीन वाजले आणि रेघ उठली.

दोघंही जागच्या जागी थिजले. चार मिनिटं रेघ ताठ उभी राहिली आणि खाली आली.

“राहिला असेल हो एखादा हुकूम अडकलेला,” मास्तर कसेबसे म्हणाले. “यंत्रच ते. होतं असं.”

ताईंनी पर्स चाचपली. किल्ली होती. त्या घड्याळाकडे बघत बसल्या.

आठ मिनिटांनी रेघ पुन्हा उठली.