तेरा किलो

दामिनी आणि तिचा भाऊ कुलदीप, दोघांचीच टीम आणि पहिलीच शर्यत. घरी बनवलेली बॅटरीवरची गाडी शर्यतीच्या नियमाप्रमाणे एकशे ऐंशी किलोच्या आत बसवता बसवता त्यांचे चार महिने गेले. पत्र्याला भोकं पाडली, सीटऐवजी प्लास्टिकच्या खुर्चीचं बूड कापून लावलं, बॅटरीसुद्धा लहान घेतली. शेवटी सौसरला बाबांच्या ओळखीच्या कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर ती एकशे अठ्ठ्याहत्तर भरली, आणि बाबांनीच ती पिकअपमध्ये टाकून नागपूरला आणली.

शर्यतीच्या तपासणीत ती एकशे एक्क्याण्णव भरली.

"तुमचा काटा बिघडला असन, सर," दामिनी म्हणाली.

तपासनीसानं पन्नास किलोचं वजन काट्यावर ठेवलं. आकडा बरोबर पन्नास आला. गाडी बाद झाली.

ती परत पिकअपमध्ये चढवून दोघं भाऊबहीण मान खाली घालून बसली. बाबा मात्र हातात चाबी धरून बाहेरच उभे होते.

"चाला ना बाबा. चूक आमचीच होती," दामिनी म्हणाली.



"पण बाई, वीस वर्सं झाले, मी आपला कापूस सौसरच्या त्याच काट्यावर मोजून राहिलो."